परमुलखातली विक्री

आपल्याकडचा एखादा मुलगा शिकायला जर्मनीत जातो. अभ्यासक्रम इंग्रजीत असतो, पदवीही मिळते. मग यंत्रं विकणाऱ्या कंपनीत नोकरी मागायला गेला, की पहिला प्रश्न येतो, "जर्मन येतं का?" कारण गिऱ्हाईक असतं लहान गावातला कारखानदार. यंत्र बंद पडलं तर आपलं गाऱ्हाणं या माणसाला कळेल ना, हे तो आधी पाहतो. आपल्या बाजारात बैल घेणारा शेतकरी बैलाबरोबर विकणाराही पारखतोच की!

वेळ मोजका असतो. २०२४ च्या नियमाप्रमाणे तिथे परदेशी विद्यार्थ्याला वर्षात १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिने मिळतात. भाषेला तेव्हा हात घालून कसं पुरणार? जमीन गहाण ठेवून मुलगा पाठवलेल्या घराला तर हे महिने फार जड जातात.

म्हणून गुरुजनांना विनंती, मुलगा निघण्याआधीच त्याला जर्मन शिकायला लावा. तिथे शिकताना दुकानात उभं राहण्यात कमीपणा नाही. गिऱ्हाइकाला 'झी', म्हणजे 'आपण', म्हणावं आणि मित्राला 'डू', म्हणजे 'तू', हे तिथेच अंगवळणी पडतं. माल दाखवता येण्याआधी माणसाशी बोलता आलं पाहिजे.