वाफसा ओळखणारा शिक्षक

2024-25 पासून स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या संलग्न महाविद्यालयांत मेजर (मुख्य) आणि मायनर (दुय्यम) विषयांची रचना आली. जिथे मानसशास्त्राचा विभाग आहे, तिथे पुढे बी.एड. करू पाहणाऱ्या मुलामुलींना तो विषय मायनर म्हणून घेता येतो. त्यांनी तो घ्यावा, आणि महाविद्यालयानं तो शाळेच्या बाकापर्यंत न्यावा, एवढंच माझं मागणं आहे. कुणी म्हणेल, शिक्षक पात्रता परीक्षेत 150 पैकी 30 गुण बालमानसशास्त्र आणि अध्यापनशास्त्राला आहेतच. आहेत, पण ते पाठांतरानंही मिळतात. मानसशास्त्रज्ञ पियाजेच्या बौद्धिक विकासाच्या चारही अवस्था तोंडपाठ असलेला माणूस कोरी वही पाहून ‘आळशी आहे’ म्हणून मोकळा होऊ शकतो.

मृग बरसला म्हणून आपल्याकडे कुणी लगेच तिफण धरत नाही. माती मुठीत दाबायची, गोळा खाली टाकायचा. फुटला तर वाफसा आला, नाही तर थांबायचं. बियाणं कितीही चांगलं असो, चिखलात पेरलं की दुबार पेरणी आलीच. शिवाय खालच्या काळ्या रानाला आणि वरच्या मुरमाड रानाला वाफसा एकाच दिवशी येत नाही. वर्गाचंही तसंच आहे. किनवट-माहूरकडे घरी गोरमाटी किंवा कोलामी बोलणारं मूल पहिलीत गप्प बसतं. देगलूरकडे घरची भाषा तेलुगू असते. मुखेड-कंधारचं मूल दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला जातं, गुढीपाडव्याच्या सुमारास परततं, मधले धडे गेलेले असतात. आणखी एखादं मूल तोंडी हिशेब चटकन सांगतं, पण फळ्यावरचं उतरवताना त्याच्या मात्रा गळतात, ‘भ’चा ‘म’ होतो. वह्या सारख्याच कोऱ्या, कारणं निरनिराळी. ती ओळखणारी नजर व्याख्यानं ऐकून येत नाही. मुलांजवळ बसूनच येते.

बी.एड.मध्ये मानसशास्त्र असतंच, हा आक्षेप नेहमीचा. पण त्या दोन वर्षांत पाठ, टाचणं, इंटर्नशिप, परीक्षा यांची इतकी दाटी असते, की एका मुलाकडे तीन महिने सलग पाहायला सवड कुठून मिळणार? पदवीच्या वर्षांत ती मिळते. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: अर्धवट शिकलेले शिक्षक मुलांवर शिक्के मारत सुटतील. भीती खरी आहे. 2016च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता आली, पण तिचं निदान करणं हे शिक्षकाचं काम नव्हे. म्हणून पहिला धडा निदान न करण्याचाच हवा. पाहायचं, तारीख घालून लिहायचं, पालकांशी बोलायचं, गरज वाटली तर तज्ज्ञाकडे पाठवायचं. माती परीक्षणाला नमुना पाठवणारा शेतकरी मूठ दाबून पाहणं सोडत नाही, आणि मूठ दाबली म्हणून प्रयोगशाळेला नाकारतही नाही.

तालुक्याच्या ज्या महाविद्यालयांत मानसशास्त्राचा विभागच नाही, त्यांनी शेजारच्या महाविद्यालयाशी बोलून काही तास वाटून घ्यावेत. प्राचार्यांनो, आपल्या विद्यार्थ्यांना वर्गात मुलांजवळ बसता यावं म्हणून याच सत्रात जवळच्या जिल्हा परिषद शाळेच्या मुख्याध्यापकांना एकदा भेटून या.