अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष आणि बाळापूरचा मोंढा
(आखाडा बाळापूर येथे युवकांसमोर केलेले भाषण)



दोस्तांनो, आजचा विषय कळल्यावर एका मुलाने मला विचारलं, "सर, अमेरिकेत कुणीही निवडून आला तरी तो आपल्या विरोधातच असतो ना?" 'आपल्या' म्हणजे मुसलमानांच्या. मी त्याला उलट विचारलं, "तुझ्या घरी यंदा सोयाबीन किती झालं?" तो गोंधळला. तिथूनच सुरुवात करू.

२०१८ मध्ये ट्रम्प यांनी चिनी मालावर आयातशुल्क लावलं. चीनने उत्तरादाखल अमेरिकन सोयाबीनवर २५ टक्के शुल्क लावलं. सोयाबीनच का? कारण ते आयोवा, इंडियाना अशा राज्यांत पिकतं आणि तिथला बहुतेक शेतकरी ट्रम्प यांचा मतदार. दुखती नस चीनला बरोबर सापडली. ट्रम्प सरकारला शेतकऱ्यांसाठी आधी १२ अब्ज आणि पुढच्या वर्षी १६ अब्ज डॉलरची मदत जाहीर करावी लागली.

२०२५ मध्ये पुन्हा तेच. चीनने खरेदी थांबवली. ऑगस्टमध्ये तिथल्या सोयाबीन उत्पादकांच्या संघटनेने ट्रम्प यांना पत्र लिहिलं. ३० ऑक्टोबरला बुसानमध्ये ट्रम्प आणि शी जिनपिंग भेटले. त्यानंतर अमेरिकेने जाहीर केलं, की चीन वर्षअखेरपर्यंत १ कोटी २० लाख टन सोयाबीन घेणार आहे. आपल्याकडे सोयाबीनचा सौदा मोंढ्यात होतो, तिथे तो दोन महासत्तांच्या बैठकीत झाला!

त्याच ऑगस्टमध्ये भारतावर ५० टक्के शुल्क लागलं. त्यातलं निम्मं रशियाचं तेल घेतल्याबद्दल. चीन ते तेल आपल्याहून जास्त घेतो, पण त्याच्यावर हा दंड बसला नाही. कारण चीन उलटून मारू शकत होता.

आणि हे फक्त अमेरिकेत होतं असं समजू नका. ७ ऑगस्टला पंतप्रधान मोदी म्हणाले, शेतकऱ्यांच्या हिताशी तडजोड करणार नाही. तेही घरच्या मतदाराकडे बघूनच. पण १९ ऑगस्टपासून कापसावरचं ११ टक्के आयातशुल्क उठवलं गेलं, आधी ३० सप्टेंबरपर्यंत, मग ३१ डिसेंबरपर्यंत. अमेरिकन शुल्काने अडचणीत आलेल्या कापड उद्योगाला स्वस्त कापूस हवा होता. आपला कापूस वेचणीला येतो तो नेमका याच महिन्यांत.

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे येतो. गाझाबद्दलचा राग खरा आहे, तो सोडा असं मी म्हणणार नाही. २७ फेब्रुवारी २०२४ रोजी मिशिगनमध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्राथमिक निवडणुकीत एक लाखाहून जास्त मतदारांनी बायडन यांच्याऐवजी 'कुणालाच नाही' अशा अर्थाचा पर्याय निवडला. तरीही इस्रायलला शस्त्रं जात राहिली. माझं मत असं, की दुसऱ्या पारड्यात अनेक दशकांचं संघटन होतं, निवडणूक निधी होता, खासदारांच्या दारात दरवर्षी जाणारी माणसं होती. एका निवडणुकीतला राग त्याला पुरा पडला नाही.

सगळंच मतांवर ठरतं असंही नाही. १९५६ मध्ये सुएझवर हल्ला झाला तेव्हा आयझेनहॉवर यांची निवडणूक आठवड्यावर आली होती, तरी त्यांनी इस्रायल, ब्रिटन आणि फ्रान्सवर माघारीसाठी दबाव आणला. पण तिथेही शीतयुद्धाचं गणित होतंच. धर्म बघून काही ठरलं नव्हतं.

म्हणून कुठल्याही राष्ट्राध्यक्षाचा निर्णय वाचताना मी आधी विचारतो, यामुळे त्याच्या घरातला कोण खूश होणार आणि कोण रागावणार? 'सगळे आपल्या विरोधात' हे वाक्य सोपं आहे. ते एकदा म्हटलं की पुढे काहीच करावं लागत नाही.

आयोवाच्या शेतकऱ्याने आपल्या राष्ट्राध्यक्षाला पत्र लिहिलं. कापसाचं शुल्क उठलं तेव्हा इथे बसलेल्या कितीजणांनी आपल्या खासदारांना दोन ओळी लिहिल्या? शेजारच्या शेतातल्या पाटलांना, शिंदे काकांना सोबत घेऊन कितीजण गेले? नुकसान तर दोघांच्याही बांधावर सारखंच होतं. हात वर करायला सांगत नाही, कारण मीही लिहिलं नव्हतं.

आता तुमचे प्रश्न घेऊ या.