विंगेत उभी असते ती



पूजेच्या रात्री, माघी गणपतीला, आठ मार्चला आपल्या जिल्ह्यातले बचत गट आता स्वतः नाटक बसवतात. नमनात बायकांची सोंगे वर्षानुवर्षे पुरुषच घेत आले, पण काही वाड्यांत आता बायकांचे नमनही उभे राहते. नाटक ठरले की आपण आधी कामे वाटतो. विंगेत कोण उभी राहणार हे सगळ्यात शेवटी ठरते, आणि जिला काम मिळाले नाही तिला ते देतो. आज तिच्याबद्दलच बोलायचे आहे.

साड्या, दागिने, समई, घंटा, पडदा हे सगळे ती सांभाळते. त्याहून मोठे काम म्हणजे माणसे सांभाळणे. मराठी रंगभूमीवर 'खेळ थांबता कामा नये' ही शिकवण जुनी आहे. 1911 साली 'मानापमान'चा पहिला प्रयोग होता, त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी गेली. त्यांनी प्रयोग रद्द केला नाही. विठाबाई नारायणगावकर दिवस भरलेले असताना फडावर नाचत होत्या. कळा आल्या, तशा पडद्यामागे जाऊन बाळंत झाल्या, दगडाने नाळ तोडली आणि पुन्हा नाचायला निघाल्या. प्रेक्षकांना कळले तेव्हा त्यांनीच बाईंना थांबवले.

या गोष्टी आपण अभिमानाने सांगतो. पण आम्हाला एक विचारावेसे वाटते. त्या वेळी पडद्यामागे विठाबाईंना 'आता थांब' म्हणणारे कोणी का नव्हते? आपल्या गटात तरी असे कोणी असावे.

त्यासाठी आमच्या गटांनी काही रीती घातल्या आहेत. तोंडाला रंग लावण्याआधी विंगेतली बाई प्रत्येकीजवळ जाते. जेवलीस का, गोळी घेतलीस का, पाळी आली आहे का, पोर कुणाकडे ठेवलेस, एवढेच विचारते. घरून वाईट निरोप आला तर लगेच सांगायचा की खेळ संपल्यावर, हे ज्या त्या बाईने तालमीतच सांगून ठेवायचे. तिच्या वतीने दुसऱ्या कुणी ठरवायचे नाही. मोठ्या कामाचे शब्द आणखी एकीला पाठ असतात, म्हणजे कुणाला निघावे लागले तर तिच्यावर ओझे राहत नाही.

कुणी शब्द विसरली तर पहिला शब्द हळू सांगायचा. आत आल्यावर लगेच चूक काढायची नाही, ती दुसऱ्या दिवशी. त्या रात्री पाणी द्यायचे आणि पाठीवर हात ठेवायचा.

मार खाणाऱ्या बाईचे किंवा विधवेचे काम करणारीकडे जास्त लक्ष द्यायचे. नाटकातले रडणे कधी कधी घरातल्या जुन्या दुखण्याला जाऊन लागते. पडदा पडला तरी ती रडतच असेल, तर 'किती छान केलेस' म्हणून टाळ्या वाजवू नका. रंग पुसेपर्यंत तिच्याजवळ बसा. बोलली तर ऐका, आणि ऐकलेले वाडीत फिरवू नका. दुखणे खोल असेल तर टेली-मानसचा 14416 हा नंबर द्या. तिथे फोन फुकट लागतो. घरात मारहाण होत असेल तर महिलांसाठी 181 आहे.

आता राहिली विंगेतली बाई. सगळ्यांना विचारणारीला कुणीच विचारत नाही. पहाटे सामान आवरून ती शेवटी घरी जाते आणि तशीच चुलीपुढे उभी राहते. म्हणून हे काम दोघींना वाटून द्या. एक उभी असेल तेव्हा दुसरीने जेवून घ्यावे. सामान सगळ्यांनी मिळून आवरावे. माईकवर नावे घेताना तिचे नावही घ्यावे.

पुढच्या बैठकीत नाटकाचा विषय निघाला, तर या वेळी विंगेत कोण, हे आधी ठरवा. आणि ज्या बाईजवळ बाकीच्या मनातले बोलतात, तिलाच विचारा.