देशी द्राक्षमद्य, विलायती बाटली आणि पैशाचें मोल

विलायती बाटली दिसली कीं तींतील पेय उत्तमच असणार, असा पुष्कळांचा समज असतो. उलट, देशी तेवढें चांगलें असा अभिमान बाळगणारेही थोडे नाहींत. दोन्ही पक्ष बाटलीवरची चिठ्ठी पाहतात. पेल्याकडे कोणीच पाहत नाहीं. दिलेल्या पैशाचें मोल पदरांत पडलें कीं नाहीं, हें ठरविण्यास थोडा हिशेब लागतो आणि थोडी जीभ लागते.

प्रथम हिशेब. भारतांत येणाऱ्या परदेशी वाइनवर दीर्घकाळ १५० टक्के आयातकर बसत आला. त्या दरानें बंदरांत ४०० रुपयांची म्हणून उतरलेली बाटली जागच्या जागीं १,००० रुपयांची होते. राज्याचा कर आणि व्यापाऱ्यांचा नफा यानंतरचा. शिवाय त्या मूळ ४०० रुपयांतही कांच, बूच, खोकें आणि जहाजाचें भाडें आलेंच. आणि हे खर्च हलक्या व भारी मद्यास जवळजवळ सारखेच पडतात. म्हणून विलायती मालांत सर्वांत खोटा सौदा महाग बाटलीचा नव्हे, स्वस्त बाटलीचा होय. तींत मद्याच्या वाट्याला फारच थोडा पैसा आलेला असतो. ऑस्ट्रेलियाशीं झालेला करार २९ डिसेंबर २०२२ रोजीं अमलांत आला, तेव्हां पांच डॉलरांवरील वाइनचा कर प्रथम १०० टक्क्यांवर किंवा त्याहूनही खालीं उतरला; पण त्याहून स्वस्त मालास ती सवलत मिळाली नाहीं.

आतां देशी बाजू. नाशिककडे वेलीची छाटणी वर्षांतून दोनदां होते. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी आणि पावसाळा सरतांना गोडी छाटणी. पीक जानेवारी ते मार्च या महिन्यांत उतरतें. रात्रीच्या गारव्यानें फळांत आंबटपणा टिकतो. पुढें ऊन चढलें कीं तो ओसरूं लागतो. वेळेवर खुडलेल्या शेनिन ब्लां किंवा सोव्हिन्यों ब्लां जातीच्या द्राक्षांचें पांढरें मद्य ताजेपणींच गोडी देतें. असल्या मद्यासाठीं समुद्रप्रवासाचें भाडें भरण्यांत शहाणपण नाहीं. मात्र अनेक वर्षें मुरविलेलें तांबडें मद्य हवें असेल, तर बोर्दोसारख्या प्रदेशाच्या पिढीजात अनुभवाला अधिक दाम देणें रास्त ठरूं शकतें.

जिभेची परीक्षा याहून सोपी आहे. सारख्या किमतीच्या दोन बाटल्या फडक्यांत गुंडाळाव्या आणि नांव न सांगतां चाखावयास द्याव्या. २४ मे १९७६ रोजीं पॅरिस येथें स्टीव्हन स्परियर यानें अशीच परीक्षा घेतली, तेव्हां फ्रेंच परीक्षकांनींच कॅलिफोर्नियाच्या मद्यांना पहिला क्रमांक दिला.

या निवाड्यांत शेतकऱ्याचेंही हित गुंतलेलें आहे. वाइनचीं द्राक्षें लहान आणि बियांचीं. खाण्याच्या बाजारांत त्यांना गिऱ्हाईक नाहीं. २००८-०९ च्या मंदीनंतर मद्याचा खप घटला, कारखान्यांची खरेदी आटली, आणि कित्येक बागायतदारांना पोसलेल्या वेली उपटाव्या लागल्या. परंतु त्यांना दयेची खरेदी तारणार नाहीं. कीव करून घेतलेली बाटली एकदांच विकली जाते. गुणावर पसंत पडलेली पुन्हां पुन्हां विकली जाते. देशी मालाचा खरा कैवारी तोच, जो त्याला सवलतीचे गुण देत नाहीं.