मोडीत गेलेली अत्तरदाणी



गुरुवर्यांच्या स्मृतिव्याख्यानात मराठीच्या प्राध्यापकाने भांड्याकुंड्यांविषयी बोलावे, याचे कोणास नवल वाटेल. परंतु समई, चुनाळे, अडकित्ता, वज्री हे शब्द मला शब्दकोशाआधी घरात भेटले.

पुण्याचे डॉ. दिनकर केळकर (१८९६-१९९०) ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहीत. चष्म्यांचा व्यवसाय सांभाळून १९२०च्या सुमारास त्यांनी अशाच नित्याच्या वस्तू जमविण्यास आरंभ केला, तोही पदरमोड करून. दिवे, दौती, अडकित्ते. ज्यांकडे राजवाड्यांचे संग्राहक ढुंकूनही पाहत नसत! बालपणीच निवर्तलेल्या राजा या मुलाचे नाव त्यांनी त्या संग्रहास दिले. पुढे तो शासनाच्या स्वाधीन केला.

मी मात्र १९७४ साली, भोपाळात बिऱ्हाड थाटताना, आजीची चांदीची अत्तरदाणी चौकातल्या एका सराफाकडे मोडीत घातली. त्याने वजनावर भाव केला. नक्षी हिशेबात धरली नाही. मीही धरली नाही. त्या पैशांतून पुस्तकांचे कपाट घेतले. ते अद्याप आहे.

परवा नातीने विचारले, अत्तरदाणी कशी असते? मी कागदावर काढून दाखविली. झाकणावर मोर होता की पोपट, हे काही केल्या आठवेना.