मुक्कामाची जागा

खिशात पैसे आहेत, समोरच्या हॉटेलात खोल्या रिकाम्या आहेत, आणि तरीही केवळ कातडीच्या रंगामुळे दार लावून घेतले जाते. अमेरिकेच्या दक्षिण भागात विसाव्या शतकाचा मध्य उलटून गेल्यावरही कृष्णवर्णीय प्रवाशास हा अनुभव नित्याचा होता. हार्लेममधील एक टपालवाले व्हिक्टर ग्रीन यांनी अशा प्रवाशांसाठी १९३६ पासून एक पुस्तिका काढली. कोठे उतरावे, कोठे जेवावे, यांचे पत्ते तीत असत. योरुबा रिचेन यांनी २०१९ साली त्याच पुस्तिकेवर माहितीपट काढला.

त्यातील बर्मिंगहॅमचे गॅस्टन मोटेल विशेष लक्षात राहते. गुलामांचे नातू असलेल्या ए. जी. गॅस्टन यांनी अंत्यविधीच्या विम्यापासून आरंभ करून मोठा व्यवसाय उभा केला आणि १९५४ मध्ये हे मोटेल उघडले. गृहस्थ सावध, रस्त्यावरचा झगडा त्यांना फारसा रुचत नसे. पण १९६३ च्या वसंतात मार्टिन ल्यूथर किंग व त्यांचे सहकारी येथेच उतरले, आणि तीस क्रमांकाची खोली लढ्याची मसलतखाना बनली. १२ एप्रिल रोजी न्यायालयाची मनाई मोडून तुरुंगात जावयाचे की नाही, याचा निर्णय तेथेच झाला. किंग कामकऱ्याचे जाडेभरडे कपडे चढवून बाहेर पडले आणि त्यांना अटक झाली. ११ मेच्या रात्री याच मोटेलवर बॉम्ब टाकण्यात आला. किंग त्या वेळी तेथे नव्हते. सावध माणसाने मुक्कामाला दिलेली खोली त्याला केवढ्यास पडू शकते, ते येथे दिसते.

श्रोतेहो, पुढचा भाग मला अधिक चटका लावणारा वाटतो. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने साऱ्या हॉटेलांची दारे उघडली. प्रवासी अर्थातच हवे तेथे जाऊ लागले, आणि अशा कित्येक जागांचे गिऱ्हाईक ओसरले. गॅस्टन यांचे मोटेलही पुढे बंद पडले. २०१७ मध्ये त्याचा राष्ट्रीय स्मारकात समावेश झाला.

ग्रीन यांना हे अनपेक्षित नव्हते. आपली पुस्तिका काढण्याची गरजच उरणार नाही असा दिवस येईल आणि तो आनंदाचा असेल, असे त्यांनी तीतच लिहून ठेवले होते. कायदा झाल्यावर काही वर्षांतच ती बंद झाली. ग्रीन १९६० मध्येच वारले होते.