मागावरची मुले आणि अभियांत्रिकीचा प्रबंध



मराठीच्या प्राध्यापकाने अभियांत्रिकीतील पीएच.डी. हा विषय निवडावा, याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. परंतु ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, त्यांच्या वर्गात बसणारी बहुतेक मुले खानदेशातून सुरतेत आलेल्या मागवाल्यांची होती. बाप रात्रपाळीला, आई घरी साडीवर टिकल्या लावते आहे, आणि मुलगा दिव्याखाली पाढे म्हणतो आहे. त्या मुलाला आपल्या बापाचा माग हा डॉक्टरेटचा विषय होऊ शकतो हे कोणी सांगितलेले नसते. ते सांगावे, एवढाच माझा हेतू.

आरंभ बमरोलीपासूनच करू. येथे महानगरपालिकेचे मैलापाणी शुद्ध करण्याचे केंद्र आहे. २०१४ पासून त्या पाण्यावर आणखी संस्कार करून ते पांडेसऱ्याच्या रंगाई-छपाईच्या कारखान्यांना दिले जाऊ लागले. योजनेची क्षमता दररोज ४ कोटी लिटर. आपल्याच नाल्यातून गेलेले पाणी आपल्याच कापडाला रंग चढवण्यासाठी परत येते, ही गोष्ट मला एखाद्या आख्यानासारखी वाटते. या पाण्याच्या वाटेवर अभियांत्रिकीच्या किती शाखा उभ्या आहेत पाहा. टाक्या आणि मलवाहिन्या स्थापत्याच्या, पंप यांत्रिकीचा, त्याला फिरवणारी मोटार विद्युतशाखेची, आणि शेवटचे, क्षार अडवणारे पटल रसायन अभियांत्रिकीचे.

त्या पटलाची हकिकत मोठी बोधक आहे. गोडे पाणी पटलातून खाऱ्या पाण्याकडे आपोआप जाते. खाऱ्या बाजूने पुरेसा दाब दिला, तर उलट प्रवास घडतो. तत्त्व ठाऊक होते, पण सुरुवातीच्या पटलांतून पाणी इतके हळू झिरपे की व्यवहारात त्याचा उपयोग शून्य. १९६० च्या सुमारास लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात सिडने लोब आणि एस. सौरिराजन यांनी असे पटल तयार केले की ज्याची वरची कातडी अतिशय पातळ आणि खालचा थर सच्छिद्र होता. क्षार अडले आणि पाण्याचा वेगही वाढला. १९६५ मध्ये कॅलिफोर्नियातील कोअलिंगा गावाला अशा पद्धतीने पाणी मिळू लागले. एका प्रयोगशाळेतील चिकाटीची अशी परिणती बमरोलीपर्यंत आली.

सुरतेच्या धाग्याचेही तेच. पॉलिएस्टरचे वितळलेले द्रव बारीक छिद्रांतून दाबून धागा काढतात. हे द्रव पाण्यासारखे साधे वाहत नाही. त्याला शास्त्रज्ञ अ-न्यूटनी द्रव म्हणतात. गोव्यातील माशेलचे रघुनाथ माशेलकर गिरगावात वाढले, मुंबईच्या युडीसीटीतून १९६९ मध्ये पीएच.डी. झाले, आणि अशा द्रवांचा व बहुवारिकांचा अभ्यास हेच त्यांचे क्षेत्र ठरले. घरची परिस्थिती हलाखीची होती, हे त्यांनी स्वतः अनेकदा सांगितले आहे.

आता थोडे भाषेविषयी. माझ्या वयाच्या माणसाला ते टळत नाही. १८६३ मध्ये याच सुरतेत जन्मलेले त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर यांनी सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १८९० मध्ये बडोद्यास कलाभवन सुरू केले. धंदेशिक्षण मातृभाषेतून द्यावे, असा त्यांचा आग्रह होता. मुंबईत दामोदर चापेकरांनी १८९६ मध्ये राणीच्या संगमरवरी पुतळ्यावर डांबर ओतले, तेव्हा तो साफ करण्याचे काम याच गज्जरांनी केले. कलाभवन पुढे महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या तंत्रज्ञान व अभियांत्रिकी शाखेत विलीन झाले. त्याच विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षण घेऊन विजय भटकर १९७२ मध्ये दिल्लीच्या आयआयटीतून डॉक्टरेट झाले आणि १९९१ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली पुण्यात 'परम' महासंगणक साकार झाला.

प्रबंध म्हणजे काय? मराठीच्या विद्यार्थ्याने पोथ्या ताडून पाहाव्यात, तसा स्थापत्याचा विद्यार्थी पावसाळ्याची वाट पाहतो, रसायनाचा नळीत थेंब मोजतो, संगणकाचा एकच गणित हजार वेळा चालवून पाहतो. साधने निराळी, पण "हे आजवर कोणी दाखवले नव्हते" असे म्हणण्याचे धाडस आणि ते सिद्ध करण्याची जबाबदारी सारखीच. आमच्या शाखेत पुरावा कधी कधी सुंदर वाक्याआड लपतो. यंत्र मात्र असा मुलाहिजा ठेवत नाही. म्हणून मला अभियंत्यांचा थोडा हेवा वाटतो.

तक्रार एकच. १९६१ साली सुरतेत स्थापन झालेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे रूपांतर आज राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेत झाले आहे. आपल्या वस्तीपासून ती दूर नाही. तेथे होणारे प्रबंध इंग्रजीतच लिहावेत, त्याला माझी हरकत नाही. परीक्षक परदेशातलाही असू शकतो. पण प्रत्येक प्रबंधाला चार पानांचा सारांश मराठीत वा गुजरातीत जोडायला काय अडचण आहे? मागाचा गोंगाट कानांना किती हानी करतो, रंगाचे पाणी कोठे जाते, ताण्याचा धागा वारंवार का तुटतो, हे प्रश्न ज्याचे आहेत त्याला उत्तर वाचता यावे. आणि शब्द उसने आणायचीही गरज नाही. धोटा, कांडी, ताणा, बाणा, फणी हे शब्द आपल्या घरांत आहेत. त्यांची यादी इयत्ता नववीच्या मुलांनी आपल्या वडिलांना विचारून करावी, असे मी मुख्याध्यापकांना सुचवून ठेवले आहे. वही कोरी आहे, ती मी सोबत आणली आहे.